क्यूआर कुठला लावायचा, भांडवल कुठून आणायचं? छोट्या धंदेवाल्यांसाठी सरळ हिशोब

दहिवडी (प्रतिनिधी) : आमच्या फाट्यावर वडा-चहाचं एक हॉटेल आहे. टेबलावर तीन कंपन्यांचे तीन क्यूआर, काउंटरवर एक साउंडबॉक्स. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी चहा प्यायला थांबलो तर मालक मोबाईल हातात घेऊन गप्प बसलेला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "धंदा झाला नऊशेचा आणि त्यातनं ३९० रुपये सकाळीच कापून गेले. आता दूधवाल्याला काय देऊ?"

ज्या कंपनीचा क्यूआर होता, तिच्याच ॲपवर त्याला "तुमच्यासाठी १ लाख मंजूर" असा मेसेज आला होता. कागद नाही, बँकेत हेलपाटा नाही. चार वेळा बटण दाबलं आणि पैसे खात्यात. फक्त १ लाख म्हणून हातात आले ९६ हजार ४६०, आणि रोज ३९० रुपयांप्रमाणे ३२० दिवस कापायचे ठरले. उन्हाळ्यात लग्नसराईत ते जाणवलं नाही. पाऊस लागला, रस्त्याचं काम निघालं, फाट्यावर गाड्या थांबायच्या बंद झाल्या, आणि तेच ३९० गळ्याशी आले.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. आपल्या माण-खटाव, आटपाडी, सांगोला भागात आता पानपट्टीपासून खताच्या दुकानापर्यंत सगळीकडं क्यूआर आहे. पण तो कुठल्या खात्याला जोडायचा, कार्ड मशीन घ्यायचं का, कर्ज कुणाचं घ्यायचं, हे कुणी नीट सांगत नाही. सांगणारा असतो तो विकायला आलेला पोरगा. म्हणून हा लेख. मी बारावी शिकलेला शेतकरी आहे, बँकवाला नाही. पण घरात पिठाची गिरणी आहे, ठेच लागलेली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी विचारून हे लिहितोय.

आधी क्यूआरचं समजून घ्या

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ते चालवते ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय. फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही सगळी त्याच रस्त्यावरची वाहनं. रस्ता एकच आहे. म्हणून तुमच्याकडं एका कंपनीचा क्यूआर असला तरी गिऱ्हाईक कुठल्याही ॲपवरून पैसे देऊ शकतं. तीन-तीन स्टिकर लावून काही फायदा नाही. उलट तीन ठिकाणचा हिशोब जुळवत बसावं लागतं. एकच लावा, पण बघून लावा.

दुसरी गोष्ट. गिऱ्हाइकानं आपल्या बँक खात्यातून यूपीआयनं पैसे दिले, तर दुकानदाराला त्यावर शुल्क नाही. रुपे डेबिट कार्डाचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून या दोन्हीवरचं शुल्क शून्य आहे. त्यामुळं "शंभरामागं दोन रुपये जास्त द्या, ऑनलाइन आहे" असं गिऱ्हाइकाला म्हणू नका, आणि कुणी कंपनीवाला "क्यूआरचं कमिशन लागतं" म्हणाला तर त्याला कशाचं ते विचारा. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडून किंवा वॉलेटमधून मोठी रक्कम आली तर नियम वेगळे आहेत. तुमच्या क्यूआरवर तसं पेमेंट चालू आहे का, आणि त्याला किती कापतात, हे आधी विचारून घ्या.

मग कंपनी कमावते कशावर? एक, साउंडबॉक्सचं भाडं. दोन, कर्ज. फुकटातला क्यूआर हे दुकानाचं दार आहे, माल आत विकायला ठेवलाय तो कर्जाचा. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं होतं.

साउंडबॉक्स घ्यावा का?

गर्दीच्या धंद्याला घ्यावा. हात पिठात, तेलात असताना दर वेळी मोबाईल बघता येत नाही. आणि पेमेंट झाल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे आता गावोगाव झालेत. काहींच्या मोबाईलमध्ये तर हुबेहूब हिरवी टिकमार्क दाखवणारं बनावट ॲप असतं. आवाज आला तरच पैसे आले, हा नियम बरा.

भाडं कंपनीनुसार बदलतं, महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास धरून चला. म्हणजे वर्षाला बारा-पंधराशे. दिवसाला दहा-बारा गिऱ्हाइकं असणाऱ्या शिलाई मशीनवालीला तो खर्च परवडत नाही. तिला बँकेचा येणारा मेसेजच पुरे. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : भाडं पहिल्या महिन्यापासून की काही दिवसांनी? व्यवहार कमी झाले तर भाडं वाढतं का? मशीन परत केलं तर भाडं कोणत्या दिवशी थांबतं, आणि परत घेतल्याची पावती मिळते का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या गिरणीत आधी जो डबा होता तो बिघडला म्हणून परत दिला. पोरगा घेऊन गेला, पावती दिली नाही. पुढं चार महिने भाडं कापलं जात होतं. शेवटी ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद केलं तेव्हा थांबलं. तुम्हीही एकदा तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं असतं ते उघडून बघा. न विचारता काय-काय चालू आहे ते दिसेल.

कार्ड मशीन कुणाला लागतं?

वडापाव, किराणा, गिरणी, भाजी यांना लागत नाही. खताचं दुकान, सराफ, मोटार रिवाइंडिंग, हायवेवरचं मोठं हॉटेल, लग्नाचा बस्ता विकणारे यांना लागू शकतं. इथं शुल्क असतं. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला डेबिट कार्डावर मशीनमधून जास्तीत जास्त ०.४० टक्के कापता येतात, म्हणजे १० हजारांच्या बिलावर ४० रुपये. उलाढाल त्याच्या वर असेल तर ०.९० टक्क्यांपर्यंत. क्रेडिट कार्डाला असं बंधन नाही. तिथं २ टक्के धरले तर १० हजारांमागं २०० रुपये जातात. खतावर मिळणारा नफा बघता हे २०० लहान नाहीत. शिवाय मशीनचं भाडं वेगळं. महिन्यात किती गिऱ्हाइकं खरंच कार्ड काढतात ते आधी वहीत मोजा, मग सही करा.

खातं कुठलं जोडायचं? इथं मी फसलो

गिरणीला क्यूआर लावला तेव्हा घाईघाईत माझं जुनं सेव्हिंग खातं जोडलं. त्याच बँकेत माझं पीक कर्ज होतं, आणि त्या वर्षी डाळिंबाला तेल्या आला, कर्ज थकलं. मार्च महिना, मिरची-मसाल्याचा हंगाम, गिरणीवर रांग. पैसे यूपीआयनं खात्यात पडत होते आणि एक दिवस एटीएमला गेलो तर निघेनात. खात्याला होल्ड लागला होता. १८ हजार रुपये अडकले. लाईट बिल भरायचं होतं, ते बायकोनं गटातून उचलून भरलं. बँकेत चार हेलपाटे घातले तेव्हा होल्ड निघाला.

चूक माझीच होती. धंद्याचा पैसा आणि शेतीच्या कर्जाचा पैसा एका हंड्यात ठेवला. म्हणून सांगतो :

– धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. थकलेलं कर्ज असलेल्या खात्याला क्यूआर जोडू नका. याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. कर्ज भरायचंच आहे, पण रोजचं भांडवल त्यात अडकू नये.

– ज्याचा धंदा त्याचंच खातं. बाईची गिरणी आणि क्यूआर पोराच्या नावावर, असं बऱ्याच ठिकाणी आहे. उद्या तिला कर्ज हवं असेल तर बँक तिचं स्टेटमेंट मागते, आणि ते कोरं असतं. वर्षभर राबली ती, आणि कागदावर धंदा पोराचा.

– पैसे खात्यात कधी पडतात ते विचारा. काही क्यूआरचे लगेच पडतात, काहींचे दिवसाअखेर किंवा दुसऱ्या दिवशी एकत्र. सकाळी बाजारातून माल उचलणाऱ्या भाजीवाल्याला हा फरक मोठा असतो.

– थोडी रोकड हाताशी ठेवाच. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गर्दी झाली की नेटवर्क बसतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

एक नवीन त्रासही सांगून ठेवतो. कुणी चोरीच्या, फसवणुकीच्या पैशातून तुमच्याकडं खरेदी केली, तर तपासात तुमच्या खात्यावरही टाच येऊ शकते. अशा वेळी "मी माल विकला" हे दाखवायला बिल किंवा वहीतली नोंद लागते. मोठी रक्कम अनोळखी माणसाकडून आली की नाव, तारीख, काय नेलं ते लिहून ठेवा.

फसवणुकीचे चार प्रकार

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दहा वेळा सांगा. दुसरं, रात्रीत कुणी आपल्या क्यूआरवर दुसरं स्टिकर चिकटवून जातं. सकाळी दुकान उघडलं की स्वतः एक रुपया पाठवून बघा. तिसरं, "चुकून तुम्हाला पाच हजार आले, परत पाठवा" असा फोन येतो. मेसेजवर विश्वास ठेवू नका, खात्यातली शिल्लक बघा. चौथं, कंपनीचा माणूस म्हणून येऊन मोबाईल हातात मागणारे. आपला मोबाईल कुणाच्या हातात द्यायचा नाही.

फसवणूक झालीच तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जेवढ्या लवकर कळवाल, तेवढे पैसे मधेच अडवण्याची शक्यता जास्त.

"क्यूआर लावला की टॅक्स लागतो"

ही भीती गावात फार आहे. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या व्यवहारांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत लोकांनी क्यूआर काढून टाकले, ती बातमी सगळ्यांनी बघितली. पण नियम समजून घ्या. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढं गेली की, आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते. पैसे रोख आले की क्यूआरनं, याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त ताजा भाजीपाला, सुटं दूध असा करमाफ मालच विकत असाल तर त्यापायी नोंदणीचा प्रश्न येत नाही. त्या वेळी घोळ झाला तो असा, की घरचे, उसनवारीचे, भिशीचे सगळे पैसे एकाच खात्यात फिरत होते आणि धंद्याचे किती हे दाखवायला वही नव्हती. म्हणून परत तेच : खातं वेगळं ठेवा.

आयकरात तर क्यूआरचा फायदाच आहे. छोट्या व्यापाऱ्याला हिशोबाच्या वह्या न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर ६ टक्के. १० लाखांची विक्री असेल तर रोखीत नफा ८० हजार धरला जातो, यूपीआयवर ६० हजार.

आता भांडवल : व्याज कसं मोजायचं?

कुठलं कर्ज स्वस्त हे ठरवायच्या आधी व्याज मोजता आलं पाहिजे. आणि ते आपल्याला येत नाही असं समजू नका. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या आधी चेतना सिन्हा आणि इथल्या बायकांनी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, कॅल्क्युलेटर न घेता काढतो, तुमच्या माणसांनाही तसंच काढायला लावा. परवाना मिळाला. तेव्हा आपल्या मातीत हे गणित आहे.

मेख एका शब्दात असते, फ्लॅट. ५० हजार रुपये एका वर्षासाठी, दर १२ टक्के. फ्लॅट असेल तर पूर्ण ५० हजारांवर वर्षभराचं व्याज ६ हजार, एकूण ५६ हजार, हप्ता ४,६६७. घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता ४,४४२, आणि व्याज साधारण ३,३०० रुपये. दर दोन्हीकडं १२ च म्हणतात, पण फ्लॅटवाला जवळजवळ दुप्पट घेतो. कारण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत देताय, तरी तो व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लावतोय.

आता फाट्यावरच्या हॉटेलचं बघू. हातात आले ९६,४६०. परत द्यायचे ३९० गुणिले ३२०, म्हणजे १ लाख २४ हजार ८००. वर गेले २८,३४०. पण पैसे रोज परत जात होते, म्हणजे सरासरी निम्मीच रक्कम त्याच्याकडं होती. त्या हिशोबानं वर्षाचा दर ६० टक्क्यांच्या घरात जातो. ॲपवर मात्र "महिन्याला फक्त दोन-अडीच टक्के" असंच वाटतं.

बाजारात रोजचं कलेक्शन करणारे असतात, त्यांचंही असंच. १० हजार म्हणायचं, हजार आधीच कापून ९ हजार द्यायचे आणि रोज शंभर असे शंभर दिवस घ्यायचे. शंभर दिवसांत हजारच गेले वाटतं. वर्षाचा दर काढला तर पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढं जातो.

म्हणून दर विचारू नका, तीन आकडे विचारा : हातात किती येणार, एकूण किती परत द्यायचे, किती दिवसांत. बँक असो, फायनान्स कंपनी असो, ॲप असो, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं कर्जाआधी एक तक्ता द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो मागा, मोबाईलवर असेल तर फोटो काढून ठेवा. ॲपवरच्या कर्जात घेतल्यावर मन बदललं तर किमान एक दिवस दंडाशिवाय परत देण्याची सोय असते, हेही लक्षात ठेवा. आणि ॲप तुमच्या फोनमधले नंबर, फोटो मागत असेल तर ते सरळ काढून टाका.

कर्ज कुठलं, कशासाठी?

साधा नियम धरा. वस्तू जितकी वर्षं चालणार, तितक्याच बेताची कर्जाची मुदत हवी. गिरणी, शिलाई मशीन, फ्रीज यांना तीन-पाच वर्षांचं कर्ज. दिवाळीचा माल भरायला दोन-चार महिन्यांचं. दहा वर्षं चालणारं मशीन शंभर दिवसांच्या पैशातून घेतलं की माणूस बुडालाच.

बचत गट : बाईच्या नावावर धंदा असेल तर पहिलं दार हेच. उमेदच्या महिला गटांना बँकेकडून ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं. गटाचं रेकॉर्ड मात्र चांगलं हवं.

मुद्रा : २०१५ पासून चालू आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. पिकासाठी नाही, पण दुकान, गिरणी, गॅरेज, तसंच शेळी-कोंबडी, दूध अशा जोडधंद्याला चालतं. तारण लागत नाही. छोट्या उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आणि मुद्राला एजंट नाही. "दोन हजार द्या, मुद्रा करून देतो" म्हणणारा फसवतोय.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी : मुख्यतः नवीन धंद्याला. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, माजी सैनिक, अपंग यांना ३५ टक्के अनुदान. हे अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असेल तर कर्जात वळतं होतं. त्यामुळं अनुदानाकडं बघून धंदा काढू नका. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना साधारण अशीच आहे. मसाला, पापड, डाळ मिल, चिक्की असं खाण्याचं काही करत असाल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. या योजनांच्या मुदती, कोटा बदलत राहतात. अर्ज भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात सध्या काय चालू आहे ते विचारा.

पीएम स्वनिधी : शहरातल्या फेरीवाल्यांसाठी आहे, पण गावाकडून येऊन नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीत बसणाऱ्यांनाही घेता येतं. पहिलं कर्ज १५ हजार, मग २५ हजार, मग ५० हजार. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सवलत.

पतसंस्था : ओळखीनं लवकर मिळतं, दर बँकेपेक्षा जास्त असतो. जामीनदार लागतो. आणि दुसऱ्याला जामीन राहताना लक्षात ठेवा, त्यानं नाही भरलं तर तुम्ही भरायचं. सही म्हणजे नुसता शब्द नाही.

दुकानदाराची उधारी : व्यापारी माल उधार देतो ते फुकट नसतं. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारा. पोत्यामागं तीस-चाळीस रुपयांचा फरक दिसला तर तेच व्याज.

सावकार : महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणं परवाना लागतो. दर ठरलेला आहे : शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८. महिन्याला पाच, दहा टक्के घेणारा बेकायदेशीर आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं होते.

रोजचा हप्ता हलका का वाटतो?

आमच्याकडं मागच्या वर्षी मसाला कांडप मशीन घ्यायचं ठरलं. ९० हजारांचं कर्ज लागणार होतं. क्यूआर कंपनीच्या ॲपवर ऑफर होती : एका वर्षासाठी, रोज ३०६ रुपये. बँकेत मुद्रा किशोरमधून तीन वर्षांसाठी महिन्याला साधारण २,९५०. बायको म्हणाली, "रोजचे तीनशे कळणार पण नाहीत." मग वहीत मांडलं. रोज ३०६ म्हणजे महिन्याला ९,१८०. आणि कांडप चालतं ते फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात त्या मशीनवर धूळ बसते. जुलैमध्ये रोज ३०६ आणायचे कुठून?

बँकेनं लगेच दिलं असं नाही. पहिल्यांदा साहेब म्हणाले स्टेटमेंट आणा. तोवर गिरणीचं खातं बायकोच्या नावावर वेगळं करून दहा महिने झाले होते. रोजचे पन्नास-शंभर, दीडशे असे पडलेले पैसे त्यात दिसत होते. त्या कागदानंच काम झालं. फोटो, आधार, पॅन, उद्यम नोंदणी, मशीनचं कोटेशन, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि ते स्टेटमेंट. सव्वा महिना लागला, तीन हेलपाटे झाले. ॲपनं पाच मिनिटांत दिलं असतं. पण त्या सव्वा महिन्यानं आमचा महिन्याचा हप्ता सहा हजार रुपयांनी हलका केला.

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. कर्ज मागायला जाण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. जुना कुठला मोबाईलचा, गाडीचा हप्ता थकलेला दिसला तर आधी तो मिटवा.

बँकेनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं दाद मागता येते. बँकेकडं किंवा फायनान्स कंपनीकडं लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं मोफत तक्रार होते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सही करण्याआधी वहीत लिहा

१. मंद महिन्यात, म्हणजे श्रावणात किंवा पावसाळ्यात, सगळा खर्च जाऊन हातात किती राहतं? हप्ता त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. हंगामाचा आकडा धरून हप्ता ठरवू नका.

२. हातात किती, परत किती, किती दिवसांत?

३. हप्ता कापला कुठून जाणार? क्यूआरच्या पैशातून परस्पर कापणार असतील तर त्या दिवशी माल भरायला पैसे राहतील का? खात्यातून ऑटोडेबिट असेल आणि शिल्लक नसेल तर बँकेचा दंड वेगळा लागतो.

४. एक कर्ज फेडायला दुसरं घेतोय का? उत्तर हो असेल तर थांबा आणि आधी घरात बसून बोला.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं हेच चौथं केलं होतं. ॲपचे हप्ते चुकू नयेत म्हणून रोजच्या कलेक्शनवाल्याकडून दहा हजार उचलले. शेवटी त्यानं दोन शेळ्या विकल्या, कलेक्शनवाला मिटवला आणि ॲपचं उरलेलं चार महिन्यांत ओढत-ओढत फेडलं. शेळ्या त्याच्या आईच्या होत्या. म्हातारी अजून बोलून दाखवते.

आता त्याच्या टेबलावर एकच क्यूआर आहे. खातं वेगळं आहे. परवा चहा प्यायला गेलो तेव्हा मोबाईल पुढं करून म्हणाला, "बघ, परत मेसेज आलाय, दीड लाख मंजूर." मी काही बोललो नाही. त्यानं काउंटरखालून वही काढली, ३०० आणि किती दिवस असं काहीतरी लिहिलं, गुणाकार केला आणि मोबाईल खिशात टाकला.

तुमच्या गावात कुणी अशी ऑफर घ्यायच्या बेतात असेल तर त्याला हा हिशोब वाचायला द्या. घ्यायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, पण गुणाकार करून ठरवावं.